मंथ एण्डला रस्सा डबल!

पगार संपतो, भूक संपत नाही. पण तुम्ही कोल्हापुरात राहता ना? मग बिस्किटाच्या पाकिटावर दिवस काढायचं काय कारण! खिसा सांभाळून, चवीनं आणि धड कसं खायचं, याचा हा स्वतःचे पैसे घालवून शिकलेला फंडा.

महिन्याची तेवीस तारीख. दुपारचा एक. ऑफिसात सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडतायत. तुम्ही मोबाइल उचलता, फूड ॲप उघडता, एक बऱ्यापैकी दिसणारा राइस बोल निवडता, कार्टमध्ये टाकता... आणि पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, टॅक्स असं सगळं मिळून खाली जो आकडा येतो तो बघून फोन उलटा ठेवता. मग ड्रॉवरमधलं बिस्किटाचं पाकीट आणि मशीनचा चहा. ओळखीचं वाटतंय ना?

मी मूळची गडहिंग्लजची. घरी होते तोवर दोन्ही वेळा आईच्या हातचं. नोकरीसाठी शहरात आले, राजारामपुरीत तिघींनी मिळून फ्लॅट घेतला आणि पहिल्याच महिन्यात कळलं, की ‘आज जेवायचं काय?’ हा प्रश्न अप्रेझलपेक्षा अवघड असतो. स्वयंपाकाचा उत्साह पंधरा दिवस टिकला. (ज्यांचा वर्षभर टिकतो त्यांना साष्टांग नमस्कार!) त्यानंतर ॲप. मग गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, बाहेर पडायची सोय नव्हती म्हणून, मी त्या ॲपचा हिशेब काढला. एका महिन्यात सात हजार चारशे! माझ्या वाट्याचं खोलीभाडं त्याहून कमी होतं. बरं, एवढं मोजून खाल्लं काय, तर गार झालेले नूडल्स, रबरासारखं पनीर आणि एकदा तर डाळीत डाळच नव्हती.

नेमका त्याच संध्याकाळी टोकियोहून एक फोटो आला. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला एकजण कंपनीतर्फे तिकडे गेलाय. आम्हाला वाटायचं, एवढं महागडं शहर, बिचारा इथून नेलेल्या नूडल्सच्या पाकिटांवर जगत असणार. फोटोत वाफाळता भाताचा वाडगा, वर मांसाचे पातळ काप आणि शिजलेला कांदा. खाली मेसेज : ‘पाचशे येनच्या आसपास. दहा मिनिटांत जेवून बाहेर. रोजचंच आहे.’ पाचशे येन म्हणजे आपले तीनशेच्या आत-बाहेर. टोकियोच्या पगाराच्या मानानं किरकोळच.

हा वाडगा जिथे मिळतो त्या ‘योशिनोया’ची गोष्ट मोठी मजेशीर आहे. १८९९ साली टोकियोच्या निहोनबाशी भागातल्या मासळी बाजारात हे दुकान सुरू झालं. गिऱ्हाईक कोण? पहाटेपासून राबणारे बाजारातले लोक. त्यांना वेळ नाही, पैसे बेताचे, पण जेवण दणकट पाहिजे. म्हणून पदार्थ एकच, भातावर शिजवलेलं बीफ. त्याला म्हणतात ग्युदोन. (आमचा मित्र बीफ खात नाही, तो पोर्कचा वाडगा घेतो.) चवदार, स्वस्त आणि झटपट हे तीन शब्द त्यांनी ब्रीद म्हणून मिरवले. आज त्या एका दुकानाची प्रचंड मोठी साखळी झालीय आणि सुकिया, मात्सुया असे तगडे स्पर्धकही उभे राहिलेत.

पण मला खरी गंमत वाटली ती एका शब्दाची. तिकडे ऑर्डर देताना ‘त्सुयुदाकु’ म्हटलं, की भातावर रस जास्त ओततात. त्याचे वेगळे पैसे नाहीत. मांस ठरलेलं, रस हवा तेवढा! मी हसतच सुटले. कारण ‘रस्सा जरा जास्त घाला’ म्हणायला कोल्हापूरकराला जपानी शिकायची गरज पडत नाही.

त्या दिवशी ठरवलं, एक महिना ॲप बंद. शहरात पाय फिरवायचे आणि बघायचं, आपल्याकडचे ‘योशिनोया’ कुठे आहेत ते.

पाटीवर एकच नाव

पहिला धडा उद्यमनगरात मिळाला. शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, वेल्डिंग, स्पेअर पार्ट, ऑइलचा वास. कोल्हापूरच्या फौंड्री आणि इंजिनीअरिंगच्या धंद्याचं हे जुनं घर. आणि शहरातली सर्वांत गाजलेली मिसळ, फडतरेंची, याच भागात मिळते, चकचकीत रोडवर नाही. निहोनबाशीच्या मासळी बाजाराशी हे किती जुळतं बघा. जिथे माणसं अंगमेहनतीनं राबतात तिथेच स्वस्त आणि दणकट खाणं जन्माला येतं. मागाहून तिथे आपल्यासारखी टायवाली मंडळी रांग लावतात आणि फोटो काढतात, ती गोष्ट वेगळी.

बावड्याची मिसळ, चोरगेंची, खासबागची. प्रत्येकाचा देव वेगळा आणि भांडणं कायमची. ऑफिसात कुणाची मिसळ भारी हा विषय काढा, मीटिंग गेलीच म्हणून समजा. मी त्यात पडत नाही. मला एवढंच सांगायचंय, की या जागांची खरी ताकद त्यांच्या मेन्यूकार्डात आहे, म्हणजे ते जवळजवळ नसण्यात आहे. एकच पदार्थ करायचा म्हटल्यावर मटकी किती भिजवायची, कांदा किती चिरायचा, कट किती उकळायचा, सगळं पक्कं ठरलेलं. फ्रीजमध्ये कालचं काही उरत नाही. टेबल दहा-पंधरा मिनिटांत रिकामं होतं. म्हणून माल ताजा आणि भाव आवाक्यात. ज्या हॉटेलच्या कार्डावर चायनीज, पंजाबी, साउथ इंडियन आणि वर पिझ्झाही आहे, तिथे या सगळ्या सामानाचा खर्च शेवटी कुणाच्या बिलातून निघतो? तुमच्या.

तेव्हा नियम नंबर एक : भूक मोठी आणि खिसा छोटा असेल तर पाटीवर एकच नाव असलेल्या दुकानात शिरा. दुसरा नियम त्याच्याच पोटातला, त्याची वेळ पाळा. मिसळ सकाळची. दुपारी तीनला जाऊन ‘कट पातळ वाटतो’ म्हणणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं प्राथमिक ज्ञान. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. झणझणीत लाल रश्शाला कट म्हणतात. बहुतेक ठिकाणी कट पुन्हा वाढतात आणि त्याचे पैसे लावत नाहीत, जादा ब्रेडचे मात्र लावतात. अलीकडे काही जागांनी कटालाही दर लावलाय, तेव्हा बसायच्या आधी भिंतीवरची पाटी वाचून घ्या. पोटाला आधार हवा असेल तर फरसाण कमी आणि मटकी जास्त सांगा. सकाळी साडेआठला नीट बसून मिसळ खाल्ली, की दुपारी दोनपर्यंत कुणी बिस्किट पुढे केलं तरी हात जात नाही. शंभराच्या आसपास दीड जेवण! रोज नको हं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. तो तेलाचा तवंग दिसायला सुंदर असतो, पण आपण दिवसभर लेथवर उभे नसतो, खुर्चीत बसलेले असतो.

आणखी एक गंमत. १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराईशी नावाच्या माणसानं फिरत्या पट्ट्यावरचं सुशीचं दुकान काढलं. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला ती कल्पना सुचली. गिऱ्हाइकानं समोरून जाणारी बशी उचलायची आणि शेवटी बशा मोजून पैसे द्यायचे. वाढपी कमी लागतात, म्हणून स्वस्त पडतं. आमच्याकडे पट्टा नाही, मामा आहेत. हातात ब्रेडची चवड, चार टेबलांवर एकाच वेळी नजर, आणि उठताना काउंटरकडे बघून आवाज : ‘दोन मिसळ, पाच ब्रेड!’ आजवर माझी एकही स्लाइस चुकलेली नाही.

मटण मोजून, रस्सा न मोजता

आता मोठ्या विषयाकडे. मटणाची थाळी महाग, हे खरं. मी जाते तिथे साडेतीनशे-चारशेच्या घरात पडते, नावाजलेल्या जागी त्याहून जास्त. मग ती या लेखात कशाला? कारण तुम्ही ती चुकीची खाता!

थोडं स्वयंपाकघरात डोकावू. मटण आधी आलं-लसूण, हळद, मीठ घालून भरपूर पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला आळणी म्हणतात. घरातल्या लहान पोरांना आळणी-भात भरवतात तो हाच. हाडांचा सगळा कस त्यात उतरलेला असतो. या एका आळणीचे पुढे दोन रस्ते. कांदा, खोबरं आणि चटणी घातली की तांबडा. नारळाचं दूध, काजू किंवा तीळ-खसखस आणि खडा मसाला पडला की पांढरा. (आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल मसाला. पुण्याची रूममेट पहिल्या आठवड्यात ‘चटणी वाढा’ म्हणाली आणि पस्तावली.) म्हणजे एका किलो मटणातून सुक्याचे तुकडे निघतील ते मोजकेच, पण रस्सा पातेलं भरून. म्हणून तर सुकं वाटीत मोजून येतं आणि तांबडा-पांढरा बादलीतून फिरत राहतो. हॉटेलवाला उदार असतो म्हणून नव्हे, त्याला ते परवडतं म्हणून.

हे एकदा डोक्यात बसलं की थाळी खायची पद्धतच बदलते. लोक काय करतात? आल्या आल्या सुक्यावर तुटून पडतात, दोन चपात्यांत वाटी साफ, मग ‘एक्स्ट्रा सुकं’ आणि बिल सहाशेवर. उलटं करा. आधी पांढरा रस्सा सुपासारखा एक वाटी, नुसता. मग भाकरी तांबड्यात कुस्करा. सुकं तोंडी लावण्यापुरतं, शेवटपर्यंत पुरवा. भातावर पुन्हा एकदा दोन्ही रस्से. पोट आणि मन दोन्ही भरतं, आणि खर्च पाटीवर लिहिला तेवढाच.

महिनाअखेर असेल तर माझी खास टिप. बऱ्याच ठिकाणी अंड्याची थाळी मिळते. तिच्याबरोबर तांबडा-पांढरा वाढतात का, एवढं आधी विचारून घ्या. वाढत असतील तर जिंकलात! मटणाचे तुकडे सोडून सगळी मजा तीच, पैसे निम्म्याच्या आसपास. लक्ष्मीपुरीतल्या पद्मा गेस्ट हाऊससारख्या जुन्या नावांचा मान मोठा आहे आणि तिथे पगाराच्या आठवड्यात जरूर जावं. पण शहराच्या पेठांतून विनापाटीच्या खोल्या-खोल्यांत जी घरगुती जेवणं चालतात, तिथे बुधवारी किंवा रविवारी कुणाच्या तरी ओळखीनं जाऊन बघाच. शाकाहारी मंडळींनी नाराज होऊ नये. हायवेच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर आणि गरम रोटी हा तुमचा तांबडा रस्सा. प्रोटीन भरपूर, भाव माफक आणि लसणाची फोडणी अशी, की शेजारच्या टेबलावरचा मटणवाला वळून बघतो.

योशिनोयाची एक हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. २००३ च्या डिसेंबरात अमेरिकेत गाईंना होणारा एक मेंदूचा रोग सापडला आणि जपाननं अमेरिकन बीफ बंद केलं. योशिनोयाची सगळी मदार त्याच मांसावर. फेब्रुवारी २००४ मध्ये साठा संपला आणि ग्युदोनच्या दुकानातून ग्युदोनच गायब झालं! शेवटच्या वाडग्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. वाडगा परत आला तो थेट सप्टेंबर २००६ मध्ये, तोही आधी मोजक्या प्रमाणात. एकाच पदार्थाच्या दुकानाचा हा धोका असतो.

टोकियोत लोकांनी रांगा लावल्या. कोल्हापूरकरांनी काय केलं असतं ते आपल्याला माहीतच आहे, कारण २०१९ च्या अखेरीस करून दाखवलंय. मटणाचा दर किलोला पाचशेच्या पुढे सरकला. कसबा बावड्यातून विरोधाला तोंड फुटलं आणि बघता बघता सगळं शहर त्यात उतरलं. कृती समिती झाली, बैठका झाल्या, विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. बाहेरच्या लोकांना हा विनोद वाटला. व्हॉट्सॲपवर जोक फिरले, मीही दोन-चार पुढे ढकलले. आता स्वतःच्या पगारातून जेवायला लागल्यावर तो विनोद वाटत नाही. पेट्रोल वाढलं की आपण स्टेटस टाकतो आणि टाकी फुल्ल करतो. इथे लोकांनी बसून विचारलं, बकऱ्याचा भाव किती, वाहतूक किती, तुमचा नफा किती, आणि आमच्या ताटात किती? तेवढं विचारलं तर चुकलं कुठे?

मावशींच्या हाताखाली

मिसळ आठवड्यातून एकदा, मटण महिन्यातून दोनदा. मधल्या दिवसांचं काय? इथे कोणतीही जपानी साखळी पाणी भरेल अशी आपली व्यवस्था आहे, खानावळ!

मी ॲप बंद केलं त्याच्या चौथ्या दिवशी ऑफिसातल्या अकाउंट्सच्या काकांनी मला हळूच एक नंबर दिला. ‘आमच्या मावशी’ म्हणाले. त्यांच्या नात्यातल्या असतील असं मला वाटलं. त्या सगळ्यांच्याच मावशी निघाल्या. एका चाळवजा घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात पाण्याचा माठ. दोन चपात्या किंवा एक भाकरी, एक पालेभाजी किंवा उसळ, आमटी, भात, कांदा, खर्डा. बुधवारी अंडी. दोन्ही वेळचे महिन्याला तीन हजार. सात हजार चारशे आणि तीन हजार! उरलेल्या पैशांत मी त्या महिन्यात चांगले रनिंग शूज घेतले आणि वर आईला साडी.

मावशींचा नियम एकच, नाही येणार असाल तर सकाळी दहाच्या आत सांगायचं. मी एकदा विसरले. दुसऱ्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, फक्त कालची माझी भाकरी सुकवून, चुरून, फोडणी देऊन पुढ्यात ठेवली. ‘खा. वाया घालवत नसतो.’ फार चविष्ट होती हो ती! पण त्यानंतर मी कधी विसरले नाही.

मेसवर जेवायची या शहराला सवय कुठून लागली याचा विचार करता करता दसरा चौकापर्यंत जावं लागतं. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातली पोरं शिकायला शहरात आली, त्यांच्या राहण्याची आणि जेवणाची सोय झाली. त्या चौकाच्या आसपास जुन्या बोर्डिंगच्या इमारती अजून दिसतात. एकट्यानं परगावी राहणाऱ्याच्या पोटाची काळजी करायची, ही या गावाची जुनी सवय आहे. सरकारनंही अधूनमधून हा प्रयत्न केला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली आणि विरली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. लॉकडाऊनमध्ये ती पाच रुपयांवर आणली, पुढे २०२१ मध्ये काही काळ फुकटही दिली. त्या दिवसांत नोकरी गेलेली माझ्याच वयाची कितीतरी मुलं त्या रांगेत उभी होती. तिथे टायवाले आणि बिनटायवाले असा फरक उरला नव्हता.

एकटी आलीय?

आता एक गोष्ट जी पुरुष लेखकांच्या फूड कॉलममध्ये कधी येत नाही. स्वस्त आणि चांगल्या जागा शोधणं मुलांना सोपं आहे. मुलगी एकटी मटणाच्या खानावळीत शिरली, की सगळ्या माना एकदम वळतात. मला एका ठिकाणी (नाव नको, मालक भले आहेत) ताबडतोब मागच्या ‘फॅमिली’ खोलीत नेऊन बसवलं. तिथे मी, एक बंद पंखा आणि देवाचा फोटो. रस्सा घेऊन येणारा वाढपी मला पंधरा मिनिटांत दिसला नाही. पुढच्या हॉलमध्ये मात्र बादल्या फिरत होत्या. अनलिमिटेड रस्सा हा कागदावर सगळ्यांचा असतो. प्रत्यक्षात तो ज्याच्या टेबलाजवळून बादली जाते त्याचा असतो!

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सरळ पुढच्या हॉलमध्ये, दोन अनोळखी आजोबांच्या टेबलावर बसले. मालक गडबडले. आजोबांनी एकदा वर बघितलं आणि म्हणाले, ‘बस की पोरी, जागा हाय.’ मग बादली आली, पुन्हा आली, तिसऱ्यांदा आजोबांनीच हाक मारली. आता तिथे माझी जागा ठरलेली आहे आणि गेल्या महिन्यात त्या हॉलमध्ये आणखी दोन मुली जेवताना दिसल्या.

याच गावात शंभरेक वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा घ्यायचा कोणी, असा तो काळ. शाहू महाराजांनी त्यांना पाठबळ दिलं आणि स्वतः जाऊन तिथला चहा घेतला, बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावला. हॉटेलात कोण कुणाशेजारी बसतो, कोण कुणाच्या हातचं खातो, यावर या शहरात आधी बरंच काही घडून गेलंय. माझ्या रश्शाच्या बादलीची गोष्ट त्यापुढे अगदीच फुटकळ, पण आठवली खरी.

संध्याकाळची पोटपूजा

सहा वाजता ऑफिस सुटतं आणि आपण नेमके इथेच घसरतो. कॉफी शॉपमध्ये एक कॉफी आणि एक सँडविच, बस्स, मावशींकडची चार जेवणं गेली! त्यापेक्षा खासबागेत राजाभाऊंची भेळ खा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या कुस्तीच्या मैदानाशेजारी उभं राहून भेळ खायची, ही डेट म्हणूनही वाईट नाही. (अनुभव विचारू नये.) दावणगिरी लोणी डोशाच्या गाड्या आहेत, कटवडा आहे, रंकाळ्याच्या चौपाटीवर तर पर्यायच पर्याय. चौपाटीचा एकच तोटा. तिथे आपण पाच जण जातो, पाच पदार्थ घेतो, मग ‘तुझं थोडं दे’ करत आणखी पाच घेतो. एकेक वस्तू स्वस्त, पण एकूण संध्याकाळ महाग.

जिमवाल्यांसाठी खास. डबाभर प्रोटीन पावडरला हजारो मोजण्याआधी एकदा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन या. म्हशी दारात उभ्या, डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळता ग्लास हातात देतात. तालमीतल्या पैलवानांच्या पिढ्या या दुधावर पोसल्या. मी एकदा घेतलं. ओठांवर पांढऱ्या मिशा आल्या आणि रात्री जेवावंसं वाटलं नाही. मात्र ते कच्चं दूध असतं. डॉक्टर न उकळलेलं दूध प्यायला नकोच म्हणतात आणि त्यांचं खरं आहे. पोट एसीत वाढलेलं असेल तर किटलीतून घरी न्या, उकळा आणि मग प्या.

सोळंकींचं कॉकटेल आइस्क्रीम? ते बजेटमध्ये धरायचं नसतं. ते औषध आहे.

तो आला तेव्हा

दिवाळीत आमचा टोकियोवाला सुट्टीवर आला. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरला. मी स्टेशनवर घ्यायला गेले. आईनं घरी पोहे करून ठेवले होते, पण पठ्ठ्या म्हणाला, आधी मिसळ. बॅगांसकट रिक्षा उद्यमनगराकडे वळवली.

रांगेत उभं राहून तो मला तिकडच्या गमती सांगत होता. मात्सुयात दारातच मशीन असतं, पैसे टाकून तिकीट घ्यायचं, कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. वाडग्याबरोबर मिसो सूप फुकट. काउंटरवर एकेकटे लोक येतात, खाली मान घालून जेवतात, निघून जातात. ‘फार सोयीचं आहे,’ तो म्हणाला. मग थोडं थांबून, ‘दोन वर्षांत कुणी अजून घे म्हणालं नाही.’

आम्हाला जागा मिळाली ती एका फिटरदादांच्या टेबलावर. मिसळ आली. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी, तिखटानं की कशानं, विचारलं नाही. अर्धी वाटी झाली तशी त्यानं मान वर केली आणि सवयीनं तोंडातून निघालं, ‘त्सुयुदाकु!’

‘काय?’ मामा थबकले.

‘कट म्हणतोय हो तो,’ मी म्हटलं.

‘मग तसं सांगा की.’ मामांनी पळीभर ओतला, वाटीकडे बघितलं, आणि न विचारता आणखी एक पळी. शेजारच्या फिटरदादांनी आपल्यापुढचा लिंबू त्याच्याकडे सरकवला.

उठताना मामांचा आवाज आला, ‘दोन मिसळ, सात ब्रेड!’ सात? मी दोनच खाल्ल्या होत्या. पैसे मी दिले. दोघांचं मिळून बिल त्याच्या टोकियोतल्या एका वाडग्याहून कमी झालं होतं. तो रिक्षात बसेपर्यंत येनमध्ये हिशेब करत होता.